खतावणीत न बसणारा गुन्हा

न्हावा शेवा बंदरात पडून असलेल्या १३३ कंटेनरांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २००५ रोजी एक आदेश दिला. कागदोपत्री या कंटेनरांत वंगणाचे तेल होते. प्रत्यक्षात ते वापरून टाकून दिलेले, आरोग्यास घातक असे तेल होते. ते भट्टीत जाळून नष्ट करावे आणि त्याचा खर्च आयातदारांनी सोसावा, असे न्यायालयाने फर्मावले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच त्याची किंमत मोजली पाहिजे, या तत्त्वाचा हा विजय होता आणि त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु त्या समाधानात एक साधा प्रश्न मागे पडला. घातक कचऱ्याविषयीचे नियम या देशात १९८९ पासून अस्तित्वात होते. अशा कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला आळा घालणाऱ्या बाझल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला होता. कायदा होता, करार होता, बंदरावर गणवेशधारी अधिकारी होते. असे असताना एवढे तेल वंगणाच्या नावाखाली आपल्या दारापर्यंत आले कसे? हे कंटेनर निदान अडकले तरी. जे अडकले नाहीत त्यांची मोजदाद कोणत्याच वहीत सापडणार नाही.

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. कायदा अपुरा आहे, हे पहिले. अधिकारी भ्रष्ट आहेत, हे दुसरे. दोहोंतही काही तथ्य आहे. तथापि त्यांनी सगळे चित्र उलगडत नाही. कायदे पुढे अधिक कडक झाले. २०१६ मध्ये घातक कचऱ्याचे नवे नियम आले, २०१९ मध्ये प्लॅस्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी आली, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय सायटिस करार देशाच्या कायद्यात उतरला. प्रामाणिक अधिकारीही या खात्यात थोडे नाहीत. तरीही निसर्गाविरुद्धचे गुन्हे बंदरातून आणि विमानतळावरून निसटतात. याचे कारण कायद्याच्या पुस्तकापेक्षा कचेरीच्या दिनक्रमात अधिक आहे. एखादे खाते कशाला आपले काम समजते, कशासाठी शाबासकी देते आणि कशाला कटकट म्हणते, यावर त्या खात्याच्या हाती दिलेल्या कायद्याचे भवितव्य ठरत असते. कोणत्याही सरकारी कचेरीत वा शाळेत चार वर्षे काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सीमाशुल्क खात्याचा जन्म महसुलासाठी झाला. ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या कायद्यापासून स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या कायद्यापर्यंत या खात्याची मुख्य विचारपूस एकच राहिली: या मालावर शुल्क किती आणि ते भरले की नाही? १९६२ च्या कायद्यातील अकराव्या कलमाने मालावर बंदी घालण्याचे जे हेतू सांगितले आहेत, त्यांत माणसांच्या, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जीविताचे रक्षण हाही एक हेतू आहे. म्हणजे निसर्गाचे रक्षण हे या खात्यावर बाहेरून लादलेले काम नव्हे. ते त्याच्या मूळ कायद्यातच लिहिलेले आहे. परंतु कायद्यात लिहिलेले असणे आणि खात्याच्या अंगवळणी पडलेले असणे यांत फार अंतर असते. सोन्याच्या बिस्किटांवर, परदेशी घड्याळांवर आणि कापडावर नजर ठेवण्यात मुंबईच्या कस्टम्सच्या कित्येक पिढ्या गेल्या. खात्यातील कर्तबगारीच्या कथा सांगितल्या जातात त्या सोने पकडल्याच्या. कासवे पकडणाऱ्याचे कौतुक होते, पण बहुधा वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रापुरते.

पुढे दुसरे मोजमाप आले, ते वेळेचे. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या अहवालात सीमापार व्यापाराच्या निकषावर भारताचा क्रमांक २०१८ च्या अहवालात १४६ वा होता. २०२० च्या अहवालात तो ६८ वर आला. ही मालिका बँकेने २०२१ मध्ये बंद केली. परंतु माल किती तासांत सुटतो हे मोजण्याची सवय राहिली, आणि ती वाईट सवय आहे असे कोणी म्हणणार नाही. नाशिकची द्राक्षे याच न्हावा शेव्यातून परदेशी जातात. कंटेनर दोन दिवस विनाकारण अडला तर नुकसान शेतकऱ्याचे होते. पूर्वीच्या काळी विलंब हेच लाच मागण्याचे साधन होते, हेही विसरता येणार नाही. तेव्हा वेगाला विरोध करण्याचे कारण नाही. मुद्दा असा की जे खाते रुपये आणि तास ही दोनच मापे जाणते, त्याच्या खतावणीत टाकाऊ तेलाचा कंटेनर कोणत्या रकान्यात मांडायचा? तो अडवला तर महसूल वाढत नाही, घटतोच. तासही वाढतात. खात्याच्या दोन्ही मापांनी पाहिले तर तो अडवणारा अधिकारी तोट्यात असतो.

त्या अधिकाऱ्याची बाजू समजून घेतली पाहिजे. एकट्या न्हावा शेव्यातून वर्षाला, वीस फुटी मापाने मोजल्यास, साठ लाखांहून अधिक कंटेनर जातात-येतात. २००५ पासून कोणता माल तपासायचा हे बव्हंशी संगणकावरील जोखीम-पद्धती ठरवते. २०११ पासून आयातदार आपले शुल्क आपणच ठरवून जाहीर करतो. २०२० पासून मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसून केवळ कागद पाहतो. या सुधारणांमुळे टेबलाखालचे व्यवहार कमी व्हावेत ही अपेक्षा रास्त होती. पण कागद स्वच्छ दिसला की माल स्वच्छ, ही समजूतही त्यांच्याबरोबर बळावली. यातूनही एखाद्या तपासनिसाला शंका आली आणि त्याने रद्दी कागदाचा म्हणून आलेला कंटेनर उघडला. आत घरगुती कचरा, प्लॅस्टिक, वैद्यकीय सुया निघाल्या, असे समजू या. आता त्याला नमुने काढायचे आहेत, प्रयोगशाळेचा अहवाल मागवायचा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहायचे आहे. दरम्यान डेमरेज चढते. क्लिअरिंग एजंट रोज दारात येतो. वरिष्ठांचा दूरध्वनी येतो: ‘प्रकरण मिटले का?’ अहवाल निर्विवाद आला नाही तर दोष त्याचा. निर्विवाद आला तरी तो कचरा ठेवायचा कोठे आणि परत पाठवायचा कोणी, हे ओझे त्याचेच. त्याच वेळी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने कमी दाखवलेल्या किमतीचे प्रकरण उकरून शुल्काची घसघशीत वसुली केलेली असते. वर्षअखेरीच्या अहवालात कोणाचे नाव वर असेल? पुढच्या वेळी हा तपासनीस कंटेनर उघडील काय?

बक्षिसांची रचनाही याच दिशेने जाते. खबऱ्यांना आणि सरकारी नोकरांना द्यावयाचे बक्षीस पूर्वापार जप्त मालाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेशी, किंवा चुकवलेल्या व नंतर वसूल झालेल्या कराशी जोडलेले आहे. त्याची मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. सोन्याला हा हिशेब चपखल लागू पडतो. आंध्र प्रदेशातील शेषाचलमच्या डोंगरांतून चोरून तोडलेल्या रक्तचंदनालाही तो काही अंशी लागू पडतो, कारण जप्त रक्तचंदनाला लिलावात मोल येते. परंतु विषारी तेलाची विक्री किंमत काय? हस्तिदंत विकताच येत नाही. नक्षीदार पाठीचे तारा कासव २०१९ मध्ये सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले; त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद आहे. चोरट्या बाजारात ज्याला मोठी किंमत आणि सरकारी हिशेबात ज्याला शून्य किंमत, अशा मालावर सर्वाधिक डोळा तस्कराचाच राहिला तर त्यात आश्चर्य कसले?

अमेरिकेचा एक अनुभव या दृष्टीने मननीय आहे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे उत्पादन श्रीमंत देशांनी १९९६ च्या आरंभी थांबवले. जुन्या मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांना मात्र तो वायू लागतच होता. तेव्हा मायामी बंदरातून त्याची एवढी चोरटी आयात होऊ लागली की अमली पदार्थांच्या खालोखाल याच मालाची उलाढाल, असे बोलले जाई. अमेरिकी यंत्रणा १९९४ पासून या तस्करीवर तुटून पडल्या, आणि त्या मोहिमेत पर्यावरण खात्याबरोबर सीमाशुल्क व प्राप्तिकर ही खातीही होती. त्याचे एक कारण उघड होते. या वायूंवर अमेरिकेने १९९० पासून भारी अबकारी कर बसवला होता. चोरून आलेला प्रत्येक नळकांडा म्हणजे बुडालेला कर होता. ओझोनचे भोक महसुलाच्या भाषेत सांगता आले आणि महसुलाची यंत्रणा जागी झाली. यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण प्रत्येक निसर्गघातक वस्तूवर कर लावून ठेवता येत नाही. ज्या वस्तूला मुळातच प्रवेश नाही तिच्यावर शुल्क कसले? तेव्हा महसुलाच्या भाषेत न सांगता येणारा गुन्हाही गुन्हा म्हणून ओळखण्याची सवय या खात्याला लागली पाहिजे.

दुसरी सवय तडजोडीची आहे. सीमाशुल्क कायद्याच्या १२५ व्या कलमाप्रमाणे जप्तीस पात्र झालेला माल दंड भरून सोडवून घेण्याची मुभा देता येते. बंदी असलेल्या मालाच्या बाबतीत ही मुभा द्यायची की नाही, हे निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. व्यापारी कज्जे लवकर मिटावेत यासाठी ही तरतूद उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु हाच रिवाज जुनाट यंत्रे, झिजलेले टायर, नादुरुस्त विद्युत सामान यांच्या बाबतीत डोळे मिटून वापरला तर काय होईल? दंड तिजोरीत जमा होईल, प्रकरण निकालात निघेल, तासांचा हिशेब सुधारेल आणि कचरा मात्र पावतीसह देशात शिरेल. आयातदाराच्या लेखी तो दंड हा धंद्याचाच एक खर्च ठरतो. खात्याच्या नोंदीत यश आणि गावाच्या विहिरीत विष, असा हा विपरीत योग आहे.

तिसरा मुद्दा ज्ञानाचा. सुकवलेल्या मासळीच्या ढिगात शार्कचे पर कोणते, कोणत्या ओंडक्यावर बंदी आहे आणि कोणत्यावर नाही, वायूच्या नळकांड्यावरील नाव आणि आतील वायू एकच आहे की नाही, हे ओळखणे सोपे नसते. भारताने २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून सुमारे ८,००० किलो पर पकडले. पकडणारे गुप्तचर होते, आणि गुप्तचरांना खबर लागते तेव्हाच ते पोचतात. रोजच्या खिडकीवर बसणाऱ्या अधिकाऱ्याला हा माल ओळखता आला पाहिजे. त्यासाठी अनुभव लागतो, आणि अनुभव मुरण्यापूर्वीच बदलीचा हुकूम येतो. बदल्या आवश्यक आहेत. एकाच जागी फार काळ बसलेल्या माणसाभोवती हितसंबंधांचे जाळे विणले जाते. पण वन्यजीवांचे वा रसायनांचे विशेष शिक्षण घेतलेला अधिकारी तीन वर्षांनी अशा टेबलावर जातो, जेथे त्या शिक्षणाचा उपयोग शून्य, आणि त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. शिकवलेले पुसून टाकणारी ही पद्धत कोणत्याही शाळेत चालली नसती.

ज्ञानाची ही उणीव एका खात्यापुरती नाही. ज्या आंतरराष्ट्रीय नामावलीवरून जगभर मालाचे वर्गीकरण होते, तिच्यात विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला स्वतंत्र शीर्षक मिळाले ते २०२२ च्या आवृत्तीत. तोवर हा कचरा भंगार, सुटे भाग, जुनी यंत्रे अशा नावांखाली वावरत होता. ज्याला नाव नाही त्याची आकडेवारी नाही, आणि ज्याची आकडेवारी नाही त्याच्यासाठी माणसे व पैसा मागता येत नाही.

चौथी सवय सर्वच सरकारी कचेऱ्यांच्या ओळखीची आहे: आपले पत्र गेले, आता जबाबदारी त्यांची. जप्त प्राणी वनखात्याचा, कचरा प्रदूषण मंडळाचा, खटला वकिलांचा, आणि जागा बंदराची. बैरूत बंदरातील गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होते. ते हलवण्यासंबंधी तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी न्यायालयाकडे वारंवार पत्रे पाठवली होती. पत्रे गेली, माल राहिला. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या बातमीने आपल्याकडेही धावपळ झाली, तेव्हा उघड झाले की २०१५ मध्ये जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट चेन्नईजवळच्या कंटेनर आगारात पाच वर्षे पडून आहे. बैरूतनंतर अवघ्या काही दिवसांत ते हैदराबादकडे हलू लागले. जे काही दिवसांत होऊ शकले ते पाच वर्षांत का झाले नाही? स्फोटक द्रव्याची ही कथा असेल, तर आवाज न करता जमिनीत झिरपणाऱ्या तेलाची आणि रसायनांची कथा काय असेल याची कल्पना करावी.

जिवंत मुद्देमालाचा प्रश्न याहून अवघड. अलीकडच्या वर्षांत बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानात साप, सरडे, कासवे, माकडांची पिले सापडण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. अपरात्री बॅग उघडल्यावर आत अर्धमेली पिले निघतात, तेव्हा पंचनाम्याचा छापील नमुना अपुरा पडतो. त्या क्षणी पशुवैद्य हवा, ऊब हवी, तात्पुरता निवारा हवा. ते नसेल तर अधिकाऱ्याला प्राणिमित्रांच्या दारी जावे लागते. ज्याला एकदा अशी रात्र काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारपूसही केली नाही, त्याने पुढच्या वेळी बॅग उघडण्याचा उत्साह दाखवावा ही अपेक्षा न्याय्य असली तरी व्यवहार्य नाही.

आता लाचलुचपतीविषयी. ती नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तिच्याकडेही व्यक्तीचा दोष एवढ्याच दृष्टीने पाहून चालणार नाही. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरली. मुंबईच्या बॉम्बस्फोट खटल्यात पुढे जे दोषी ठरले त्यांत कस्टम्सचे काही अधिकारीही होते. त्या किनाऱ्यावर चांदी उतरवू देण्याचा धंदा त्यापूर्वी वर्षानुवर्षे चालत आला होता. पेटीत काय आहे हे पाहायचे नाही, हा त्या व्यवहाराचा मुख्य नियम. न पाहण्याची सवय एकदा लागली की चांदीच्या वाटेने आरडीएक्सही येते. हाच नियम कचऱ्याला, कातड्यांना आणि रक्तचंदनाला लागू आहे. न पाहण्यासाठी सर्वांनाच पैसे द्यावे लागत नाहीत, ही त्याहून गंभीर गोष्ट. काही जण पैशासाठी पाहत नाहीत; पुष्कळ जण त्रास नको म्हणून पाहत नाहीत; आणि ज्यांनी पाहिले ते सहकाऱ्यांत एकटे पडू नये म्हणून बोलत नाहीत. तस्कराला तिन्ही प्रकारचे मौन सारखेच उपयोगी पडते.

जगातील सीमाशुल्क खात्यांनी ही गोष्ट ओळखलेली नाही असे नाही. त्यांच्या जागतिक संघटनेने १९९३ मध्ये अरुशा येथे सचोटीविषयीचे घोषणापत्र काढले आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा केली. त्या सुधारित घोषणापत्रातील दहा मुद्द्यांपैकी एक मुद्दा कर्मचाऱ्यांच्या मनोधैर्याचा आणि संस्थेच्या कार्यसंस्कृतीचा आहे. २००४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘हरित सीमाशुल्क’ उपक्रमाखाली अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु दोन दिवसांच्या वर्गाने माणसाचे ज्ञान वाढले तरी तो परतल्यावर कचेरी पूर्वीचीच असेल, तर ते ज्ञान प्रशस्तिपत्राबरोबर कपाटात जाते. प्रशिक्षण माणसाला दिले जाते. सवय मात्र कचेरीची बदलावी लागते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की सीमाशुल्क खात्यावर आधीच कामाचा डोंगर आहे आणि निसर्गरक्षणासाठी दुसरी खाती आहेत. आक्षेप वरवर रास्त वाटतो. मात्र वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो असो की प्रदूषण नियंत्रण मंडळ असो, बंद कंटेनर उघडण्याचा रोजचा अधिकार आणि रोजची संधी देशाच्या सीमेवर कस्टम्सलाच आहे. माल एकदा फाटकाबाहेर पडला की तो शेकडो गोदामांत पांगतो; निर्यातीच्या बाबतीत तर तो समुद्रापार जातो आणि जंगलातले तोडलेले झाड वा पकडलेला प्राणी परत आणण्याचा मार्गच उरत नाही. शिवाय सगळेच कंटेनर उघडा अशी मागणी कोणी करीत नाही. संगणकाची जोखीम-पद्धती शुल्कचुकवेगिरीचा वास काढू शकते, तर ती कचऱ्याचा आणि वन्यजीवांचा वासही काढू शकेल. मात्र तिला ते शिकवावे लागेल, आणि शिकवणाऱ्यांना ते महत्त्वाचे वाटावे लागेल. द्राक्षांचा कंटेनर न अडवता रद्दीचा कंटेनर अडवता येणे, यातच तर खात्याचे कसब आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट मोजमापाची. प्रत्येक सीमाशुल्क आयुक्तालयाने पर्यावरणीय गुन्ह्यांची किती प्रकरणे उघडली, किती माल परत पाठवला वा नष्ट केला आणि किती खटले शेवटास नेले, हे महसुलाच्या आकड्यांशेजारी दरवर्षी प्रसिद्ध केले पाहिजे. अधिकाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालातही या कामाला वसुलीइतकेच वजन मिळाले पाहिजे. बक्षीस मालाच्या किमतीवर न ठरवता टळलेल्या हानीच्या गांभीर्यावर ठरवण्याची स्वतंत्र तरतूद हवी. दुसरी गोष्ट माणसांची. मोठ्या बंदरांत व विमानतळांवर या कामासाठी स्थायी पथके असावीत आणि त्यांतील अधिकाऱ्यांची बदली झाली तरी ती दुसऱ्या बंदरातील तशाच पथकात व्हावी, म्हणजे हितसंबंध तुटतील पण ज्ञान टिकेल. तिसरी गोष्ट जागेची व पैशाची: जप्त कचऱ्यासाठी सुरक्षित साठा, तो हलवण्यासाठी ठरलेली मुदत, जिवंत प्राण्यांसाठी अहोरात्र उपलब्ध असलेला पशुवैद्य, आणि आयातदाराकडून खर्च वसूल होईपर्यंत वापरता येईल असा निधी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संरक्षणाची. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर कारवाई होऊ नये, असे सीमाशुल्क कायद्याचे १५५ वे कलम सांगते. परंतु कलमापेक्षा वरिष्ठांचा शब्द कनिष्ठाला अधिक धीर देतो. रास्त शंकेवरून कंटेनर उघडला आणि आत काही निघाले नाही, तर त्या अधिकाऱ्याला खुलासा मागण्याऐवजी ‘ठीक केलेत’ असे म्हणणारा वरिष्ठ या खात्याला हवा आहे. अशा एका वाक्याने जी कार्यसंस्कृती बदलेल ती दहा परिपत्रकांनी बदलणार नाही. त्याचबरोबर १२५ व्या कलमाखाली घातक कचरा वा वन्यजीव यांच्या बाबतीत दंडावर सुटका देताना लेखी कारणे नोंदवून ती वरिष्ठांनी तपासावीत, एवढे बंधन घातले तरी अनेक पळवाटा बुजतील.

या सुधारणांना नवा कायदा लागत नाही. फार मोठा पैसाही लागत नाही. लागते ती खात्याच्या प्रमुखांची इच्छा आणि त्यांना विचारणा करणारे जागरूक लोकमत. संसदेत महसुलाचे लक्ष्य गाठले की नाही हे दरवर्षी विचारले जाते. किती विषारी माल देशाच्या दारातून परत पाठवला, हेही त्याच तत्परतेने विचारले गेले पाहिजे. न्हावा शेव्याच्या परिसरातील उरण-पनवेलचा शेतकरी, खाडीत जाळे टाकणारा कोळी आणि गोदामात उघड्या हातांनी भंगार निवडणारा मजूर यांना शुल्काच्या तक्त्यांतले काही कळत नसेल. पण त्या खिडकीवर कोणी एक कंटेनर न पाहता सोडून दिला तर त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. त्यांच्या वतीने तो कंटेनर उघडून पाहणे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याचे काम आहे, आणि ते काम त्याच्या खात्याने आपल्या खतावणीत कामच म्हणून मांडले पाहिजे.